पोप, चित्रकार आणि तोफा : रोमच्या कलेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपच्या टूरमध्ये रोमच्या वाट्याला जेमतेम दीड दिवस येतो. कोलोसियम, सिस्टीन चॅपेल आणि कारंज्यात नाणे टाकणे एवढे उरकते आणि खरे प्रश्न घरी आल्यावर सुरू होतात. हे सगळे कोणी केले, कोणाच्या पैशाने आणि कशासाठी? खालची उत्तरे एक आग्रह धरून लिहिली आहेत: पोपच्या रोममधले जवळजवळ प्रत्येक मोठे काम हा तेव्हाच्या राजकारणातला एक डाव होता, आणि तो डाव कळला की चित्रही जास्त चांगले कळते.

पोप तर धर्मगुरू. मग त्यांच्याकडे राज्य आणि इतका पैसा आला कुठून?

आठव्या शतकापासून 1870 पर्यंत पोप हा मध्य इटलीचा राजाही होता. रोमपासून बोलोन्या आणि राव्हेन्नापर्यंतचा पट्टा त्याच्या अमलाखाली होता. कधी खरोखर, कधी फक्त कागदावर. प्रजेकडून कर यायचा, युरोपभरातून धर्मकर यायचा आणि दरबारातली पदे चक्क विकली जायची. शिवाय रोमजवळच्या तोल्फाला पंधराव्या शतकात तुरटीच्या खाणी सापडल्या. कापड रंगवायला तुरटीवाचून चालत नसे, त्यामुळे हा मक्ता म्हणजे मोठे घबाड होते. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या पेढीने तो काही काळ चालवला.

या राजाचे एक वेगळेपण लक्षात ठेवावे. तो निवडून यायचा, बहुधा म्हातारपणी, आणि त्याच्या मुलाला गादी मिळत नसे. म्हणजे जे काही करायचे ते पाच-दहा वर्षांत. म्हणून पुतण्या-भाच्यांना कार्डिनल (पोपच्या खालोखालचे धर्माधिकारी) करण्याची घाई, आणि म्हणून प्रत्येक भिंतीवर घराण्याचे चिन्ह. ओकचे झाड दिसले की देल्ला रोव्हेरे, गोल गोळे दिसले की मेदिची, मधमाश्या दिसल्या की बार्बेरिनी, चोचीत फांदी धरलेले कबूतर दिसले की पाम्फिली. एवढी चार चिन्हे पाठ असली तरी निम्मे रोम गाइडशिवाय वाचता येते.

प्रबोधनकाळ फ्लॉरेन्समध्ये सुरू झाला म्हणतात. मग मध्येच रोम कुठून आले?

उशिरा आले. 1309 ते 1377 पोपचा मुक्काम फ्रान्सच्या सीमेलगत आव्हिन्यों इथे होता. त्यानंतर चाळीस वर्षे एकाच वेळी दोन, कधी तीन पोप एकमेकांना बहिष्कृत करत होते. 1420 मध्ये मार्टिन पाचवा रोममध्ये परतला तेव्हा शहराची पार रया गेली होती. पोपपदाची गेलेली पत भरून काढायची तर ती डोळ्यांना दिसायला हवी, हे पुढच्या पोपनी ओळखले.

सिक्स्टस चौथ्याने चॅपेल बांधले. त्याच्याच नावावरून ते 'सिस्टीन'. त्याच्या भिंतींची कथा छतापेक्षा कमी सांगितली जाते, पण मला तीच जास्त रंजक वाटते. एप्रिल 1478 मध्ये फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलमध्ये, भर उपासनेत, लॉरेन्झो मेदिची आणि त्याचा भाऊ जुलियानो यांच्यावर खंजीर चालले. जुलियानो मेला, लॉरेन्झो वाचला. कटामागे पाझ्झी घराणे होते आणि कटाची कल्पना पोपला होती. चिडलेल्या फ्लॉरेन्सने कटवाल्यांना फासावर लटकवले, त्यांत पिसाचा आर्चबिशपही होता. लटकलेल्या कटवाल्यांची चित्रे शहरातल्या भिंतीवर रंगवायचे काम मिळाले बोतिचेल्लीला. पोपने लॉरेन्झोला बहिष्कृत केले, युद्ध झाले, 1480 मध्ये समेट झाला. आणि 1481 मध्ये तोच बोतिचेल्ली, गिर्लांदायो आणि रोस्सेल्ली यांच्यासह, पोपच्या चॅपेलच्या भिंती रंगवायला रोममध्ये हजर! हे चित्रकार म्हणजे समेटावरचा शिक्काच होता असे बरेच अभ्यासक मानतात.

मायकेलअँजेलोने सिस्टीनचे छत उताणे झोपून रंगवले, हे खरे का?

नाही. परांची बांधून, उभ्याने, मान मागे टाकून रंगवले. आपल्या या अवस्थेवर त्याने एक विनोदी कविताही लिहिली आणि शेजारी वर हात करून रंगवणाऱ्या माणसाचे रेखाटन काढले. 1508 ते 1512, चार वर्षे.

ज्युलियस दुसऱ्याला 'लढवय्या पोप' का म्हणतात?

कारण तो खरोखर फौजेबरोबर मोहिमेवर जायचा. 1506 हे त्याचे वर्ष पाहा. जानेवारीत स्विस गार्ड, म्हणजे पोपचे स्वित्झर्लंडहून आलेले अंगरक्षक, रोममध्ये दाखल झाले, एप्रिलमध्ये नव्या सेंट पीटर्सची पायाभरणी झाली (त्यासाठी बारा शतके जुने चर्च पाडायला घेतले, म्हणून वास्तुविशारद ब्रामान्तेला लोक 'पाडकामवाला' म्हणू लागले) आणि नोव्हेंबरात त्याने बोलोन्या शहर बेन्तिव्होल्यो घराण्याकडून जिंकून घेतले.

बोलोन्यावर आपला वचक राहावा म्हणून त्याने मायकेलअँजेलोकडून स्वतःचा प्रचंड ब्राँझचा पुतळा करून घेतला. पुतळ्याच्या डाव्या हातात पुस्तक दाखवू का, असे शिल्पकाराने विचारले तेव्हा पोप म्हणाला, तलवार दाखव, मला पुस्तकातले काय कळते. हा किस्सा मायकेलअँजेलोच्या हयातीत छापलेल्या चरित्रांतून आला आहे. पहिल्या खेपेला ओतकाम फसले, मूस अर्धीच भरली. दुसऱ्या खेपेला जमले, आणि 1508 च्या सुरुवातीला पुतळा सान पेत्रोन्यो चर्चच्या दारावर चढला.

1511 मध्ये बेन्तिव्होल्यो परतले. वर्षअखेरीस लोकांनी पुतळा खाली ओढला, फोडला, आणि धातू फेर्राराचा ड्यूक आल्फोन्सो याने घेतला. तो पोपचा हाडवैरी, आणि तोफा ओतण्यात वाकबगार. त्याने त्या ब्राँझची तोफ ओतली आणि तिचे नाव ठेवले 'ला ज्युलिया'. मायकेलअँजेलोच्या वर्षभराहून अधिक मेहनतीचा आज एक तुकडाही उरलेला नाही. त्याच काळात रंगवलेले छत उरले याचे एक कारण कलेशी संबंधित नाहीच: चुन्याच्या गिलाव्याची तोफ होत नाही.

सेंट पीटर्सच्या बांधकामामुळे ख्रिस्ती धर्म फुटला, असे म्हणतात. अतिशयोक्ती?

थोडी. पण धागा पक्का आहे. बांधकामासाठी पोप लिओ दहाव्याने पापमुक्तिपत्रांची विक्री चालू ठेवली. जर्मनीत त्यातला अर्धा वाटा माइन्झच्या आर्चबिशपचे कर्ज फेडायला जात होता. ते पद मिळवण्यासाठी त्याने फुगर पेढीकडून पैसे उचलले होते. म्हणजे सामान्य माणूस मेलेल्या आईच्या सुटकेसाठी नाणे देई आणि ते सावकाराच्या पेटीत पडे. 1517 मध्ये मार्टिन ल्यूथरने आक्षेप घेतले ते याच व्यवहारावर. चर्च पुरे होऊन 1626 मध्ये त्याचा अर्पणविधी झाला तोवर उत्तर युरोपचा बराचसा भाग पोपच्या हातून गेला होता.

1527 च्या लुटीने नेमके काय बदलले?

सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याला पगार मिळाला नव्हता. 6 मे 1527 ला ते सैन्य रोममध्ये घुसले, सेनापती पहिल्याच दिवशी पडला आणि मग आवरायला कोणी उरले नाही. सेंट पीटर्सजवळ 147 स्विस गार्ड कापले गेले. तेवढ्या वेळात क्लेमेंट सातवा तटबंदीवरच्या गुप्त वाटेने सांत'आन्जेलो किल्ल्यात पळाला. आजही स्विस गार्डच्या नव्या जवानांचा शपथविधी 6 मे याच तारखेला होतो. राफाएलने रंगवलेल्या दालनांत सैनिकांनी भित्तिचित्रावर अणकुचीदार हत्याराने ल्यूथरचे नाव कोरले. तिरक्या उजेडात ते ओरखडे अजून दिसतात.

कलाकार पांगले. सान्सोव्हिनो व्हेनिसला गेला आणि तिथेच राहिला. सेंट मार्कच्या चौकातले ग्रंथालय त्याचे. पार्मिजानिनो बोलोन्याला गेला. रोमचे जे गेले ते इतर शहरांना मिळाले.

फ्लॉरेन्समध्ये आणखी गंमत झाली. पोप क्लेमेंट हा मेदिची. तो अडकला हे कळताच फ्लॉरेन्सने मेदिचींना हाकलून प्रजासत्ताक जाहीर केले आणि तटबंदीचे काम दिले मायकेलअँजेलोला, जो त्याच मेदिचींच्या पैशावर त्यांची समाधी घडवत होता! 1530 मध्ये शहर पडले. तो काही काळ लपून राहिला. 1975 मध्ये मेदिची चॅपेलखाली एक अरुंद खोली सापडली, भिंतींवर कोळशाची रेखाटने. ती त्याचीच असावीत आणि तो तिथेच लपला असावा असे मत आहे, वादही आहेत. पोपने मात्र त्याला माफ केले, पुन्हा कामाला लावले आणि पुढे सिस्टीनच्या वेदीमागची भिंतही त्यालाच सांगितली. तेच 'अंतिम न्याय' हे चित्र.

'अंतिम न्याय' या चित्रातल्या माणसांना लंगोट कोणी नेसवले?

दानिएले दा व्होल्तेर्रा याने, मायकेलअँजेलोच्या मृत्यूनंतर लगेच, 1565 मध्ये. बिचारा चांगला चित्रकार होता, पण इतिहासात 'चड्डीवाला' म्हणूनच उरला. त्रेंतच्या धर्मपरिषदेने डिसेंबर 1563 मध्ये धार्मिक चित्रांत काही अश्लील नको असा ठराव केला होता. प्रोटेस्टंट टीकेपुढे चर्चला आपले घर स्वच्छ दाखवायचे होते. 1990 च्या दशकात चित्र साफ केले तेव्हा नंतरच्या शतकांतली बरीच वस्त्रे काढली, दानिएलेची ठेवली. तीही आता इतिहासच.

खाली उजव्या कोपऱ्यात गाढवाचे कान असलेला, सापाने वेटाळलेला नरकाचा न्यायाधीश दिसतो. तो पोपच्या दरबारातला विधिप्रमुख बियाजो. त्याने चित्राला स्नानगृहाच्या लायकीचे म्हटले आणि चित्रकाराने त्याला तिथे बसवला, अशी जुनी कथा आहे.

चित्रकारांना धर्मन्यायालयापुढे उभे राहावे लागे का?

क्वचित. पण एका खटल्याचा जबाब जसाच्या तसा टिकला आहे आणि तो वाचताना हसू येते. 18 जुलै 1573, व्हेनिस. पाओलो व्हेरोनेझे याने एका मठाच्या भोजनगृहासाठी येशूचे शेवटचे भोजन रंगवले होते. न्यायालयाने विचारले: या नाकातून रक्त येणाऱ्या नोकराचे इथे काय काम? हे जर्मन पोशाखातले भालदार कशाला? मनगटावर पोपट घेतलेला विदूषक कशासाठी? व्हेरोनेझेचे उत्तर असे की चित्रात जागा उरली तर मी ती आकृत्यांनी भरतो, आणि कवींना व वेड्यांना असते ती मोकळीक आम्हा चित्रकारांनाही असते.

जर्मन भालदारांचा प्रश्न वरवरचा नव्हता, जर्मन म्हणजे ल्यूथरचे लोक. तीन महिन्यांत स्वखर्चाने चित्र सुधार, असा निकाल लागला. त्याने आकृत्या जवळजवळ तशाच ठेवल्या आणि चित्राचे नाव बदलले: 'लेवीच्या घरचे भोजन'. बायबलातल्या त्या मेजवानीला पापी लोकही होतेच! हे खपले, कारण ते व्हेनिस होते. तिथल्या धर्मन्यायालयात सरकारचे प्रतिनिधी बसत आणि रोमची ढवळाढवळ त्या प्रजासत्ताकाला खपत नसे. 1606 मध्ये पोपने अख्ख्या व्हेनिसवर बहिष्कार घातला, तेव्हाही व्हेनिस वाकले नाही. गोव्यात 1560 पासून बसलेल्या इन्क्विझिशनपुढे अशी पळवाट कोणाला मिळाली असती, असे वाटत नाही.

चित्रकार काराव्हाज्जोला खून माफ झाला का?

1606 मध्ये रोममध्ये खून करून तो पळाला. माफीची खटपट चालू होती, पोपचा भाचा शिपियोने बोर्गेझे त्याच्या चित्रांचा लोभी होता. 1610 मध्ये रोमकडे परत येताना वाटेतच, 38 व्या वर्षी, तो गेला. चित्रे बोर्गेझेकडे राहिली.

नव्होना चौकातल्या कारंज्यात गंगा आहे म्हणतात?

आहे. शिल्पकार बेर्निनीच्या चार नद्यांच्या कारंज्यात नाईल, डॅन्यूब, प्लाता आणि गंगा बसल्या आहेत. गंगेच्या हाती वल्हे आहे, कारण ती नौकानयनाला सोयीची. आपल्याला खटकते ते वेगळेच: इथली गंगा हा दाढीवाला पुरुष आहे. चार खंडांच्या नद्या, त्यांवर इजिप्शियन शैलीचा स्तंभ, आणि सर्वांत वर पाम्फिलींचे कबूतर. सारे जग पोपच्या छायेत, हा अर्थ.

आता तारीख पाहा. काम सुरू झाले 1648 मध्ये. त्याच वर्षी वेस्टफालियाच्या तहाने तीस वर्षांचे युद्ध संपले. पाम्फिली घराण्यातला पोप इनोसंट दहावा याने त्या तहाचा निषेध केला आणि कोणीही, कॅथलिक राजांनीसुद्धा, त्याला विचारले नाही. युरोपच्या राजकारणात पोपचा शब्द चालेनासा झाला त्याच सुमारास चारही खंड त्याच्या चौकात दगडात बसवले जात होते. बरोक, म्हणजे सतराव्या शतकातल्या भपकेबाज शैलीच्या, रोमचा सगळा थाट असाच वाचावा, असे माझे मत आहे. रोमकर तर जास्तच स्पष्ट बोलत: दुष्काळात धान्य महाग, आणि कारंज्यासाठी कर! 'आम्हाला स्तंभ नि कारंजी नकोत, भाकरी हवी' अशा चिठ्ठ्या कामावर चिकटवल्या जात.

त्याआधीच्या बार्बेरिनी घराण्यातल्या पोप अर्बन आठव्याने तर प्राचीन पँथिऑनच्या ओसरीचे ब्राँझ उचकटले. सेंट पीटर्समधल्या बेर्निनीच्या भव्य छत्रीसाठी ते वापरले, अशी समजूत आहे. बराचसा धातू गेला सांत'आन्जेलोच्या तोफांत. 'रानटी टोळ्यांनी जे केले नाही ते बार्बेरिनींनी केले' ही म्हण तेव्हाची.

या सगळ्याचा गोव्याशी काही संबंध?

थेट संबंध आहे. जुन्या गोव्यात बॉम जेझूस बॅसिलिकात सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी ज्या उंच संगमरवरी चौथऱ्यावर आहे, तो फ्लॉरेन्सचा आहे. तोस्कानाचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा, मेदिची घराण्यातला, याने दरबारी शिल्पकार फोज्जिनीकडून तो घडवून घेतला, आणि 1698 मध्ये तो इथे उभा राहिला. चारही बाजूंना झेवियरच्या आयुष्यातले प्रसंग ब्राँझमध्ये आहेत. वरची चांदीची पेटी मात्र गोव्याच्याच कारागिरांची, 1630 च्या दशकातली. भाविकांची नजर पेटीवर असते, ते साहजिक आहे. पुढच्या खेपेला खाली ब्राँझच्या पट्ट्यांकडेही दोन मिनिटे पाहा.

दुसरा दुवा राजकारणाचा. पूर्वेकडच्या धर्मकार्याचा मक्ता पोपने पोर्तुगालच्या राजाला दिला होता, आणि नंतर त्याचा रोमला पस्तावा झाला. 1622 मध्ये रोमने धर्मप्रसाराची स्वतःची संस्था काढली. दिवाडी बेटावरचा मातेउश द कास्त्रो याला गोव्याच्या आर्चबिशपने दीक्षा नाकारली. तो थेट रोमला गेला, तिथे शिकला, आणि 1637 मध्ये बिशप होऊन आदिलशाही मुलखासाठी परतला. गोव्याच्या पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांशी त्याचे जन्मभर जमले नाही. रोममधल्या त्या संस्थेच्या इमारतीची एक बाजू बेर्निनीची, दुसरी त्याचा प्रतिस्पर्धी बोर्रोमिनीची.

शिवाय तो गेंडा. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्कला दिलेला गेंडा 1515 मध्ये गोव्याहून लिस्बनला गेला. पोर्तुगालच्या राजाने तो पोप लिओ दहाव्याला भेट म्हणून पाठवला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडाले. जर्मन चित्रकार ड्युररने न पाहताच काढलेले त्याचे चित्र जगभर पोचले.

फ्लॉरेन्समधली मेदिचींची चित्रे विकली कशी गेली नाहीत?

एका बाईमुळे. घराण्याची शेवटची वारस आन्ना मारिया लुईझा हिने 1737 मध्ये नव्या राज्यकर्त्यांशी करार केला की संग्रहातले काहीही फ्लॉरेन्सबाहेर जाणार नाही. उफिझी हे तिथले चित्रसंग्रहालय आज आहे ते त्या कागदावर.

नेपोलियनने काय नेले आणि काय परत आले?

त्याने लूटही कायदेशीर करून घेतली. 1796 चा युद्धविराम आणि 1797 चा तोलेंतिनोचा तह यांत पोपने 100 कलाकृती आणि 500 हस्तलिखिते द्यायची असे कलमच होते. दोन वस्तू नावानिशी लिहिल्या होत्या: दोन ब्रूटसांचे अर्धपुतळे. राजाला हाकलणारा एक, सीझरला मारणारा दुसरा. प्रजासत्ताक फ्रान्सला तेच हवे होते. लाओकून आणि बेल्व्हेडेरेचा अपोलो ही प्राचीन शिल्पे, राफाएलचे 'रूपांतर' हे चित्र पॅरिसला गेले. पोप पायस सहाव्यालाही कैद करून नेले, तो 1799 मध्ये फ्रान्समध्येच वारला.

वॉटर्लूनंतर 1815 मध्ये शिल्पकार कानोव्हा पोपचा वकील म्हणून पॅरिसला गेला आणि बरेच काही परत आणले. सगळे नाही. व्हेनिसहून नेलेले व्हेरोनेझेचे 'काना येथील लग्न' जवळजवळ दहा मीटर रुंद असल्याने हलवणे धोक्याचे ठरवले गेले. ते लूव्हरमध्येच आहे, मोनालिसाच्या समोरच्या भिंतीवर, आणि गर्दी त्याच्याकडे पाठ करून उभी असते.

इटली एक होत असताना पोपने विरोध का केला?

राज्य जाणार होते म्हणून. पायस नववा 1846 मध्ये उदार म्हणून आला होता. 1848 च्या उठावात पळावे लागले, 1849 मध्ये मॅझिनीचे रोमन प्रजासत्ताक काही महिने टिकले, आणि फ्रेंच फौजेने पोपला परत बसवले. (याच मॅझिनीचे लेखन सावरकरांनी लंडनमध्ये असताना मराठीत आणले, इंग्रज सरकारने ते जप्त केले.) जुलै 1870 मध्ये व्हॅटिकन परिषदेने पोपच्या अचूकतेचा ठराव केला. त्याच सुमारास फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटले, फ्रेंच फौज परत गेली आणि 20 सप्टेंबरला इटलीच्या तोफांनी पोर्ता पियाजवळ भिंत पाडली. रोममधल्या पोपच्या क्विरिनाल राजवाड्याच्या चाव्या पोपच्या माणसांनी दिल्या नाहीत, कुलूपवाल्याकडून दारे उघडावी लागली. तिथे राजा राहू लागला, आज राष्ट्राध्यक्ष असतात.

नव्या राष्ट्रानेही दगडातच उत्तर दिले. पांढरेशुभ्र व्हित्तोरियानो स्मारक (1885 ते 1911) शहराच्या मधोमध उभे राहिले. 1889 मध्ये काम्पो दे' फियोरी चौकात, जिथे 1600 मध्ये तत्त्वज्ञ जोर्दानो ब्रूनोला धर्मद्रोही ठरवून जिवंत जाळले तिथेच, त्याचा पुतळा बसवला.

मग आजचे व्हॅटिकन कधीपासून?

11 फेब्रुवारी 1929 पासून. मुसोलिनीबरोबरच्या लॅटेरन करारातून 44 हेक्टरांचे राष्ट्र झाले. समेटाची खूण म्हणून मुसोलिनीने सेंट पीटर्ससमोरची जुनी वस्ती पाडून रुंद रस्ता काढला. पूर्वी गल्लीतून बाहेर पडताच चौक अंगावर यायचा, बेर्निनीला अभिप्रेत तेच होते. आता अर्ध्या किलोमीटरवरूनच सगळे दिसते. नुकसानच झाले.

कॉन्क्लेव्हच्या काळात सिस्टीन चॅपेल पाहता येते का?

नाही. पोपची निवड तिथेच होते, 'अंतिम न्याया'च्या समोर मत टाकले जाते. 2025 मध्ये लिओ चौदाव्याच्या निवडीवेळीही ते पर्यटकांसाठी बंद होते. एरवी लॅटेरन करारातच कलासंग्रह अभ्यासक आणि पर्यटकांसाठी खुला ठेवण्याचे कलम आहे. संग्रहालय रविवारी बंद असते, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. त्या दिवशी प्रवेश मोफत असतो आणि रांग पहाटेपासून लागते, त्यामुळे दीड दिवसच हाती असेल तर तिकीट काढलेलेच बरे.